कावडीच्या वाटेनं

विष्णुभट गोडसे हे नाव निघालं की पुढचा शब्द ठरलेला असतो, झाशी. 1857चं बंड, राणी लक्ष्मीबाई, वेढा, कत्तल. हे सगळं डोळ्यांनी पाहून मराठीत, 'माझा प्रवास' या पुस्तकात, लिहून ठेवणारा माणूस म्हणून त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकापासून आपल्या कानावर असतं. मला मात्र त्यांच्यात आधी दिसतो तो घरातला थोरला मुलगा. पेण तालुक्यातल्या वरसईचा तिशीतला भिक्षुक. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार अशी बातमी येते आणि हा माणूस रामभटकाकांना सोबत घेऊन चालत निघतो. दोन-तीन वर्षांनी परत येतो तेव्हा खांद्यावर गंगेची कावड असते.

ती कावड माझ्या डोक्यातून जात नव्हती. दादा आणि मी, दोघं बहीणभाऊ, त्यांच्या वाटेवरची काही गावं पाहून यायचं असं ठरवून निघालो. फेब्रुवारी होता, थंडी सरत आली होती. आई ऐंशीच्या पुढची, ती काही येणार नव्हती. तिनं एवढंच सांगितलं, "गंगा आणा. आणि दुकानातली सीलबंद लोटी नको, स्वतः भरून आणा."

रविवार, वरसई

पेणला आमचं घर आहे, त्यामुळे सुरुवात सोपी. वरसई पेणहून आत, बाळगंगा नदीच्या खोऱ्यात. आंब्यांना मोहोर होता, शेतांत वाल. गावात आम्ही तासभर नुसते फिरलो. कुठल्या घरातून ते निघाले असतील हे शोधायचा माझा हट्ट नव्हता. नदी पाहायची होती, डोंगर पाहायचे होते. इथून निघताना माणसाला मागे वळून काय दिसलं असेल ते पाहायचं होतं.

हे सगळं खोरं बाळगंगा धरणाच्या बुडीत क्षेत्रात येतं. पुनर्वसनाचा विषय इथे दर दुसऱ्या माणसाच्या तोंडी. पारावर भेटलेल्या एका आजोबांना आम्ही गोडसे भटजींबद्दल विचारलं. त्यांनी ओळखीचं हसून मान डोलावली आणि लगेच धरणाबद्दलच बोलू लागले. ते बरोबरच होतं. ज्याचं घर जायचं आहे तो माणूस दीडशे वर्षांपूर्वीच्या घराबद्दल किती बोलणार?

शेजारीच गागोदे. तिथे 1895 साली विनोबा जन्मले. एकाच खोऱ्यातून देश पायी तुडवणारी दोन माणसं निघावीत याचं मला फार अप्रूप वाटतं. विनोबा घर सोडून निघाले, गोडसे घरासाठी निघाले.

गोडश्यांना आई-वडील सुखासुखी सोडत नव्हते. हिंदुस्थान, म्हणजे आपला उत्तर भारत, तिकडे भांग पिण्याची चाल फार, तिकडच्या बायका मायावी, असा वडिलांचा धसका होता. काका बरोबर म्हणून परवानगी मिळाली. दादा म्हणाला, "आपल्याला तरी काय वेगळं सांगितलं आईनं? बाहेरचं काही खाऊ नका, गाडीत कुणी दिलेलं तर मुळीच नको."

मंगळवार, पंजाब मेल

सोमवारी संध्याकाळी कल्याणला पंजाब मेलमध्ये बसलो. 1912पासून ही गाडी धावते. मुंबईपासून झाशी अकराशे किलोमीटरहून थोडी अधिक. दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला तुम्ही तिथे असता.

गोडसे निघाले तेव्हा रेल्वे अगदीच नव्हती असं नाही. 1854 साली ती कल्याणला पोचली होती, 1856 साली खोपोलीला. म्हणजे पेणच्या शेजारपर्यंत. पण बोरघाट चढून जाणारी गाडी सुरू व्हायला 1863 उजाडलं. सहा-सात वर्षांचा फरक. तेवढ्यानं त्यांच्या पायांना घाट, सातपुडा, माळवा सगळं पडलं. पुणं, नगर, खानदेश करत ते महूकडे गेले. महूच्या अलीकडे पलटणीतले शिपाई भेटले. काडतुसांची भानगड आणि पुढे काय होणार आहे ते त्यांनी या काका-पुतण्याला सांगितलं. 1 जुलैला महूची छावणी उठली. यज्ञाच्या दक्षिणेवर निघालेली दोन माणसं थेट बंडाच्या तोंडात जाऊन पडली.

पहाटे भुसावळ कधी गेलं ते कळलं नाही. सकाळी इटारसीनंतर दादानं मला हलवून उठवलं, "ऊठ, नर्मदा येतेय." पुलावर गाडी हळू झाली. डब्यातल्या अर्ध्या माणसांनी हात जोडले, समोरच्या बाईंनी खिडकीतून नाणं टाकलं. पाणी खूप खाली होतं, वाळूची बेटं वर आलेली.

भोपाळनंतर बिना, ललितपूर, आणि मग बुंदेलखंडाचे दगड सुरू झाले. तांबूस, गोल, एकावर एक ठेवल्यासारखे. झाशीला उतरलो तेव्हा स्टेशनवर पाटी होती, वीरांगना लक्ष्मीबाई झाशी.

बुधवार, झाशीचा किल्ला

बंगिरा टेकडीवरचा हा किल्ला 1613 साली ओरछाच्या बीरसिंहदेवानं बांधला. मराठ्यांकडे आल्यावर नारो शंकरांनी तो वाढवला आणि खाली शहर वसवलं. नाशिकच्या गोदाकाठी ज्यांच्या घंटेसाठी आपण मान वर करून उभे राहतो तेच हे नारो शंकर. शहराच्या एका दरवाजाचं नाव अजून खंडेराव दरवाजा आहे. रिक्षावाला ते 'खंडेराओ गेट' म्हणतो, पण खंडेराय तो खंडेराय. पुढे झाशी नेवाळकरांकडे गेली, तेही कोकणातलेच, लांज्याजवळच्या कोट गावचे. गोडसे इथे पोचले तेव्हा त्यांना परमुलखात आल्यासारखं वाटलंच नसणार. पुरणावरणाचा स्वयंपाक, सणवार, मोडी लिहिणारे कारकून, सगळं घरचं.

आत गेल्यावर डाव्या-उजव्या हाताला तोफा. कडक बिजली, भवानी शंकर. गुलाम गौस खानाची, खुदाबक्षची, मोतीबाईची कबर एका जागी. शाळेची सहल आली होती, मुलं त्या कबरींपाशी एकदम गप्प झाली. त्यांच्या बाई मोठ्या आवाजात सांगत होत्या की हा गोलंदाज शेवटपर्यंत बुरुजावरून हलला नाही.

राणीनं घोड्यासकट उडी मारली म्हणतात त्या जागी पाटी आहे आणि फोटो काढणाऱ्यांची रांग. मी तिथून खाली बघितलं. सरळ कडा. मला स्वतःला ती उडी पटत नाही. 4 एप्रिलच्या रात्री ती मुलाला पाठीशी बांधून निवडक स्वारांनिशी बाहेर पडली आणि भांडेर दरवाजानं शहराबाहेर गेली, एवढंच माझ्या दृष्टीनं पुष्कळ आहे. चहूकडून वेढा पडलेला असताना त्यातून बाहेर पडायला उडीपेक्षा जास्त छाती लागते.

गोडसे त्या रात्री खाली शहरात होते. आम्ही बुरुजावर बसलो तिथून जुनं शहर पायाशी दिसतं. पत्र्याची छपरं, पाण्याच्या काळ्या टाक्या, मधूनच एखादा जुना घुमट. 21 मार्च 1858ला इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज आली. पुढचे दिवस तोफगोळे शहरात पडत होते. बेतवेच्या काठी तात्या टोप्यांची फौज आली तेव्हा लोकांना हुरूप आला, आणि 1 एप्रिलला ती हरली तेव्हा शहराचा धीर सुटला. 3 तारखेला गोरे तटावरून आत घुसले.

मला या माणसाची आठवण ज्या एका कारणानं सारखी येते ते इथे सांगते. वेढ्याच्या जरा आधी किल्ल्यात चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. ते गोडश्यांनी लिहिलं आहे, मोठ्या हौसेनं. कोण आलं, थाट कसा होता, काय काय मांडलं होतं. हे लिहिताना पंचवीस वर्षं उलटून गेलेली. तोफा, आग, मढी पाहिलेल्या माणसानं हळदीकुंकू विसरून जायला हवं होतं. पण घराची ओढ असलेल्या माणसाची नजर अशीच असते. त्याला परक्या वाड्यातही आपल्या माजघरातलं दिसतं. त्या वर्णनामुळेच पुढची कत्तल वाचवत नाही. या बायका थोड्याच दिवसांपूर्वी ओटी भरून घरी गेलेल्या असतात.

गुरुवार, झाशी शहर

सकाळी राणी महाल. रघुनाथ हरी नेवाळकरांच्या वेळचा वाडा, आता पुरातत्त्व खात्याकडे. खाली नवव्या ते बाराव्या शतकातल्या मूर्ती ठेवल्या आहेत, वरच्या दालनात भिंतींवर आणि छतावर रंगीत वेलबुट्टी. तिथून महाराष्ट्र गणेश मंदिर. 1842 साली गंगाधररावांशी मनूचं लग्न इथे लागलं. देऊळ लहान आहे. आरतीला आम्ही थांबलो, आणि 'सुखकर्ता दुखहर्ता' सुरू झाल्यावर दादाचा आवाज सगळ्यांत वर गेला. पुजाऱ्यांनी मागून विचारलं, "महाराष्ट्रातून?" आणि दोन मोदक जास्त दिले.

दुपारी नुसते गल्ल्यांतून चाललो. हलवाईपुरा अजून आहे. शहर पडल्यावर इथे जे जळलं, जे पडलं, ते गोडश्यांनी लपूनछपून पाहिलं. ते ज्या घरी होते तिथली माणसं जीव मुठीत धरून बसली होती. लूट कशी झाली तेही त्यांनी क्रमानं सांगितलं आहे. आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, मग धान्य. घरातलं एकेक खोलीतलं सगळं संपेपर्यंत. त्यांनी मिळवलेली दक्षिणाही यात गेली. ज्या पैशासाठी आईबापांना दुखवून ते निघाले होते, तो पैसा झाशीतच संपला.

आणि नेवाळकरांचं ग्रंथालय जळलं. हस्तलिखितं फाडून, फेकून, पेटवून दिली गेली. विष्णुभट वेद पढलेला माणूस. स्वतःचं धन गेल्यापेक्षा त्यांचा जीव इथे जास्त तुटला असं वाचताना जाणवतं. पोथी नकलून घ्यायला महिनेच्या महिने लागत त्या काळात. कोणी कोणाकडून कुठली पोथी आणली, किती जपली, हे ज्यांना ठाऊक त्यांनाच ती राख कळणार.

त्यांच्या सगळ्याच गोष्टी मला मान्य होतात असं नाही. जातींबद्दल, बायकांबद्दल ते जे लिहितात ते त्यांच्या काळाचं आणि त्यांच्या वर्णाचं आहे, आणि काही ठिकाणी पान उलटावंसं वाटतं. जवळच्या माणसाबद्दलही असं असतंच. त्याचं सगळं पटत नाही आणि तरी तो आपला असतो.

संध्याकाळी लक्ष्मी तालावर गेलो. महालक्ष्मीचं देऊळ, गंगाधररावांची छत्री. 21 नोव्हेंबर 1853ला ते गेले. तळ्यावर वारा होता. फार वेळ नाही थांबलो.

शुक्रवार, काळपी

झाशी-कानपूर रस्ता सरळसोट. ओरईला छोले-पुरी खाऊन दुपारपर्यंत काळपीला. झाशीहून साधारण दीडशे किलोमीटर. राणी इकडेच आली होती आणि गोडसेही.

या वाटेवरच ती विहिरीची गोष्ट घडली. गोडसे रानातल्या एका विहिरीवर होते. काही स्वार आले. त्यात पठाणी वेशातली, धुळीनं माखलेली राणी. तहानेनं जीव कासावीस. ते पाणी काढून द्यायला पुढे झाले तर तिनं थांबवलं. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते, अशा अर्थाचं बोलून तिनं स्वतः पाणी शेंदलं आणि ओंजळीनं प्यायली. दोन थकलेली मराठी माणसं, घरापासून शेकडो कोस लांब, एका पोहऱ्याशी. पुढे महिना-दीड महिन्यात, जूनमध्ये, ती ग्वाल्हेरला पडली.

रस्त्याला विहिरी पुष्कळ लागल्या. एका ठिकाणी मी गाडी थांबवली. दगडी काठाची, वापरातली विहीर होती, शेजारी मोहरीचं पिवळं शेत. पाणी काढणाऱ्या बाईनं काही न विचारता लोटा पुढे केला. दादा म्हणाला, "आईनं काय सांगितलंय?" मी प्यायले. गोड होतं पाणी.

काळपी यमुनेच्या उंच काठावर आहे. हातकागदाचं गाव. गल्लीत कागदाचे ओले ताव वाळत घातलेले दिसतात. कारखान्यात एक माणूस लगद्याच्या हौदात चौकट बुडवत होता. बुडवायची, आडवी वर काढायची, हलकेच हलवायची, पाणी गळू द्यायचं आणि चौकट कापडावर पालथी करायची. ताव तयार. त्याच्या हाताची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. असा वीतभर जाड गठ्ठा मी विकत घेतला. कशाला ते तेव्हा ठरलं नव्हतं.

इथे लंका मिनार आहे, दोनशे फुटांहून उंच, रावणाच्या घराण्याची चित्रं असलेला. वर जायचा जिना गोल फिरत जातो, सात फेरे होतात, म्हणून सख्ख्या बहीणभावांनी बरोबर चढायचं नाही अशी इथली रीत. राखणदारानं आम्हाला पाहून पहिला प्रश्न तोच विचारला. दादा एकटा जाऊन आला. मी खाली बसून सामानावर लक्ष ठेवलं.

शनिवार, बिठूर

कानपूरहून बिठूर वीस-पंचवीस किलोमीटर. आपल्या जुन्या लिखाणात याचं नाव ब्रह्मावर्त. पेशवाई बुडाल्यावर दुसरे बाजीराव इथे आले आणि 1851 साली इथेच वारले. त्यांच्याबरोबर आलेली माणसं इथलीच झाली. काही मराठी घरं अजून आहेत. नानासाहेबांचा वाडा इंग्रजांनी पाडला, तिथे आता बाग आणि स्मारक.

ब्रह्मावर्त घाटावर ब्रह्मदेवाची खुंटी आहे, तिला फूल वाहिलं. गंगा पहिल्यांदा इथे दिसली. रुंद, संथ, पलीकडे वाळू आणि कलिंगडांचे वेल. घाटावर एक बाई नातवाला आंघोळ घालत होती, तो थंडीनं किंचाळत होता आणि ती हसत होती. मला पुढचं काहीच पाहायचं नव्हतं, म्हणून आम्ही तिथेच दुपार काढली. झाशीचं ओझं तिथे जरा उतरलं.

गोडसेही या घाटावर येऊन गेले. लखनौ, अयोध्या, काशी, सगळं केलं त्यांनी. लुटले गेलेले, रस्ते धोक्याचे, कुठलाही परमुलखातला माणूस बंडवाला समजून पकडला जायचा. तरी तीर्थं सोडली नाहीत. मला यात नुसती भाविकता दिसत नाही. त्यांना प्रवासाची आवड होती. नवं गाव आलं की लिहिण्याची लय बदलते, बाजार कसा, घरं कशी, खायला काय मिळतं, सगळं येतं. गरजेपोटी घराबाहेर पडलेल्या माणसाला वाटेत ही आवड लागली असावी, आणि ती त्यांनी लपवलेली नाही.

रविवार, प्रयाग

काशीची गंगा घरी नेऊ नये, न्यायची तर प्रयागची न्यावी, असं आमच्या घरात पूर्वीपासून म्हणतात. म्हणून प्रयाग.

माघ सरत आला होता. कल्पवाशांचे तंबू उठायला लागले होते, वाळूवर लोखंडी पत्र्यांचे रस्ते. किल्ल्याजवळून नाव केली. पांढरे समुद्रपक्षी नावेमागे थव्यानं येतात, नावाडी त्यांना घालायला शेव विकतात. यमुनेचं पाणी हिरवट आणि खोल, गंगेचं मातकट आणि उथळ. दोन्ही पाण्यांची रेघ स्वच्छ दिसते.

संगमावर शेजारच्या नावेत साठीचं एक मराठी जोडपं वेणीदान करत होतं. मी ऐकून होते, पाहिलं नव्हतं. नवऱ्यानं बायकोचे केस विंचरले. त्यांना जमत नव्हतं, कंगवा अडकत होता. मग तीन पेड घालून वेणी घातली, सैल आणि वाकडी. गुरुजींनी टोकाला फुलं, हळदकुंकू लावायला सांगितलं आणि टोक दोन बोटं कापून त्रिवेणीत सोडलं. बाई इतक्या वेळ पाण्याकडे बघत होत्या. मग वळून नवऱ्याला म्हणाल्या, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा हात लावलात हो केसांना." ते एवढे लाजले की गुरुजींनी मंत्र थांबवला.

आम्ही पाच लिटरचा कॅन भरला. दादानं पाण्यात कंबरेपर्यंत उतरून, मधल्या धारेतून. स्टेशनच्या जिन्यावर त्यानं तो या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला तेव्हा मला कावडीचा अंदाज आला. बांबूच्या दोन्ही टोकांना शिंक्यातून टांगलेलं पाणी. वाटेत कावड भुईवर टेकवायची नाही, झाडाला किंवा लाकडी घोडीला अडकवायची. शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी चढतात तेव्हा माणसं साखळी करून हात देतात. विष्णुभटांच्या वाटेवर घाटच घाट होते आणि हात द्यायला कोण? नर्मदा, तापी, गोदावरी ओलांडायच्या, सातपुडा उतरायचा, सह्याद्री उतरायचा, पाणी हिंदकळू द्यायचं नाही.

सोमवार, काशी, आणि पुढे गाडीत

काशीला एकच रात्र. विश्वनाथ, दशाश्वमेध, ब्रह्मा घाटाकडची मराठी गल्ली. गर्दीनं दमलो. काशीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मी पुढे जाते.

परतीची महानगरी एक्सप्रेस. सतना, जबलपूर, इटारसी, दीड हजार किलोमीटर. कॅन मी खालच्या बर्थच्या कोपऱ्यात ओढणीनं बांधून ठेवला होता आणि दादा दर स्टेशनाला तो पाहून येत होता.

गाडीत आम्ही शेवटची पानं पुन्हा वाचली. त्यांच्या परतीबद्दल कोणी फारसं बोलत नाही, कारण तोवर राणी गेलेली असते आणि बंड मोडलेलं असतं. मला तोच या प्रवासाचा सगळ्यात धाडसाचा भाग वाटतो. जाताना आशा होती, काका-पुतण्या ताजेतवाने होते. येताना हातात काही नाही, कर्ज घरी वाट बघत बसलेलं. अशा वेळी माणूस तोंड चुकवतो, तिकडेच कुठे राहून जातो. काशीत भिक्षुकाला काय कमी? विष्णुभटांनी गंगा भरली आणि ते दक्षिणेकडे चालू लागले. वरसईला पोचल्यावर त्या पाण्यानं आई-वडिलांना स्नान घातलं. यज्ञाची दक्षिणा नाही आणता आली. जे आणता येण्यासारखं होतं ते खांद्यावरून आणलं.

पुढे उरलेलं आयुष्य भिक्षुकीत आणि संसारात गेलं. कल्याणच्या वैद्यांच्या घरी त्यांचं जाणंयेणं होतं. चिंतामणराव वैद्यांनी आग्रह केला म्हणून 1883च्या सुमारास त्यांनी हे सगळं मोडीत लिहून काढलं. इंग्रजी अमलात ते छापणं सोपं नव्हतं. 1907 साली वैद्यांनी 'माझा प्रवास' या नावानं ते छापलं, तेही बरीच काटछाट आणि डागडुजी करून. तोवर विष्णुभट हयात नव्हते. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिलं, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली जसंच्या तसं पुस्तक काढलं. वाचायचं तर तेच वाचावं. तारखांचे, नावांचे घोटाळे त्यात आहेत, पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलेलं आहे ते. पण आवाज त्यांचा स्वतःचा आहे.

बुधवार, पेण

आईनं कॅन बघितल्यावर आधी झाकण उघडून वास घेतला. मग देवघरासमोर पाटावर ठेवला, कुंकू लावलं. आंघोळीला म्हटलं तर म्हणाली, "सगळं ओतू नका माझ्या डोक्यावर. एक फुलपात्र बादलीत घाला, आणि पाणी कढत पाहिजे. ते वरसईचे लोक काटक होते." उरलेलं तिनं शेजारपाजारी वाटायला बाजूला काढलं. यादी तिची तयारच होती. मावंदं पुढच्या शुक्रवारी, पुरण मी घालायचं, आमटी दादाच्या बायकोनं, हेही ठरवून टाकलं.

काळपीच्या कागदाचा गठ्ठा तिच्या कॉटशेजारी आहे. दुपारी मी तिला पोतदारांची प्रत वाचून दाखवते आणि तिला आवडलेलं तिच्या सांगण्यावरून त्या कागदावर उतरवून घेते. यज्ञाची बातमी येते ते, वडील भांगेची भीती घालतात ते. काल महूच्या अलीकडे आलो. शिपाई सांगतात की आता मोठा गोंधळ होणार आहे, आणि तरी काका-पुतणे पुढेच जातात. आईनं मला हातानं थांबवलं. चष्मा काढून डोळे पुसले आणि जरा रागावूनच म्हणाली, "अरे, परत फिरायचं होतंत ना तिथूनच. आईला किती घोर लागला असेल! बरं, पुढे वाच."